दासीच्या मुलाचा रविवार

१० जून ही तारीख चर्चच्या दिनदर्शिकेत कुठेच लाल अक्षरात छापलेली नसते. ती असायला हवी, असे मला वाटते. १८९० साली याच तारखेला मुंबईच्या गिरणीमालक संघाने कामगारांना रविवारची सुट्टी कबूल केली. तोवर उजाडताना काम सुरू व्हायचे आणि दिवस मावळेपर्यंत माणूस साच्यापाशी उभा असायचा. उन्हाळ्यात दिवस लांबला की कामही लांबायचे. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४च्या सप्टेंबरात परळला कामगारांच्या सभा घेतल्या. साडेपाच हजार जणांच्या सह्यांचा अर्ज फॅक्टरी कमिशनकडे गेला. त्यातली पहिली मागणी पगारवाढीची नव्हती, दर रविवारी पूर्ण दिवस विसावा मिळावा ही होती. दुपारी अर्धा तास सुट्टी हवी, पगार वेळेवर व्हावा, कामावर इजा झाली तर भरपाई मिळावी, या गोष्टी तिच्यामागून आल्या. २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर दहा हजार कामगार जमले, दोन कामगार स्त्रिया त्या सभेत बोलल्या, आणि सात आठवड्यांच्या आत मालकांनी मान तुकवली.

लोखंडे सत्यशोधक होते, जोतीराव फुल्यांचे सहकारी, ‘दीनबंधू’चे संपादक. रविवारच का, याचे त्यांचे एक उत्तर होते: हा खंडोबाचा वार आहे. सरकारी कचेऱ्या तेव्हाही रविवारी बंद असत, कारण राज्यकर्त्यांच्या धर्मात तशी रीत होती. पण ती रीत गिरणीच्या फाटकापाशी थांबत होती. ज्यांच्या पवित्र शास्त्रात दासाला आणि दासीला विसावा द्या असे लिहिलेले आहे, त्यांच्या राज्यात कामगाराला तो विसावा मल्हारी मार्तंडाच्या नावाने मागावा लागला. हे लिहिताना ख्रिस्ती म्हणून मला लाज वाटते, आणि लोखंड्यांविषयी मनापासून कृतज्ञता वाटते. पोप लिओ तेरावे यांनी कामगारांच्या प्रश्नावरचे आपले परिपत्रक काढून रविवारच्या विसाव्याचा आग्रह धरला, ती तारीख १५ मे १८९१. परळचा अर्ज त्याआधी साडेसहा वर्षे लिहून झाला होता.

यंदा या तारखेवर लिहिण्याला आणखी एक निमित्त आहे. मे महिन्यातल्या युवक शिबिरात एका मुलीने चिठ्ठीवर प्रश्न लिहून दिला. दहा आज्ञांपैकी नऊ आपण मानतो म्हणतो. शब्बाथाची आज्ञा आपल्याला लागू आहे की नाही? असेल, तर आपण शनिवार का पाळत नाही? आणि नसेल, तर रविवारी दुकान उघडले म्हणून आजी का रागावते? वक्त्यांनी वेळ संपल्याचे सांगून चिठ्ठी बाजूला ठेवली. मी ती घरी आणली. प्रश्न सरळ होता आणि त्याला सरळ उत्तर मिळायला हवे होते.

आधी शनिवारचे. शब्बाथ म्हणजे शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारच्या सूर्यास्तापर्यंतचा काळ. तो रविवार कधीच नव्हता. पोर्तुगीज भाषेने हे इमानाने जपले आहे: शनिवार म्हणजे ‘साबादु’, शब्बाथच, आणि रविवार म्हणजे ‘दोमिंगु’, प्रभूचा दिवस. गोव्यात ज्या घरांत ती भाषा रुजली, तिथे दोन दिवसांची दोन नावे पिढ्यान्‌पिढ्या तोंडात राहिली. आपल्या मराठी मंडळ्यांत मात्र रविवारी सकाळी मुलांचा जो वर्ग भरतो त्याला आपण ‘शब्बाथशाळा’ म्हणतो. शब्बाथ शनिवारवरून उचलून रविवारवर ठेवला गेला, ही सगळी शिकवण त्या एका शब्दात आहे. ती आली कुठून, तेही सांगता येते. १६४०च्या दशकात वेस्टमिन्स्टर येथे प्युरिटन धर्मपंडितांनी जी विश्वासाची कबुली लिहिली, तीत रविवार हा ख्रिस्ती शब्बाथ ठरला आणि त्या दिवशी काम तर नाहीच, करमणूकही नको असे ठरले. स्कॉटलंडने ते उचलले, न्यू इंग्लंडमधल्या मंडळ्यांनी जपले, आणि १८१३ साली मुंबईत उतरलेल्या अमेरिकन मिशनऱ्यांबरोबर, मग स्कॉटिश मिशनऱ्यांबरोबर ते आपल्या दारी आले.

मला ही शिकवण पटत नाही. नव्या करारात ‘आता शब्बाथाऐवजी रविवार’ असे सांगणारे एकही वचन नाही. यहुदी नसलेल्या विश्वासणाऱ्यांवर कोणते ओझे घालावे हे ठरवायला प्रेषित यरुशलेमात जमले, तेव्हा त्यांनी ज्या मोजक्या गोष्टी सांगितल्या त्यांत शब्बाथ नाही. पौलाने कलस्सैच्या मंडळीला सणावरून, अमावास्येवरून किंवा शब्बाथावरून कोणाला दोष लावू देऊ नका, असे बजावले. रोमच्या मंडळीला सांगितले की कोणी एक दिवस विशेष मानतो, कोणी सगळे सारखे मानतो, प्रत्येकाने आपल्या मनाची खात्री करून घ्यावी. पहिले ख्रिस्ती आठवड्याच्या पहिल्या दिवशी जमत ते पुनरुत्थानाच्या आनंदासाठी. दुसऱ्या शतकाच्या मध्यावर रोममध्ये लिहिणाऱ्या जस्टिनने त्या सभेचे वर्णन करून ठेवले आहे: वाचन, उपदेश, प्रार्थना, भाकर आणि द्राक्षारस, आणि शेवटी अनाथ, विधवा, आजारी, कैदी यांच्यासाठी वर्गणी. दिवसभर काम बंद ठेवण्याचा त्यात उल्लेख नाही. कसा असेल? तो रोमन साम्राज्यातला कामाचा दिवस होता आणि जमलेल्यांत कितीतरी गुलाम होते. त्याआधी सुमारे ११२ साली प्लिनी नावाच्या रोमन सुभेदाराने सम्राटाला कळवले होते की हे लोक ठरलेल्या दिवशी उजाडण्यापूर्वी जमतात आणि ख्रिस्ताची स्तोत्रे गातात. अंधारात येऊन गाऊन जायचे आणि उजाडले की मालकाच्या कामाला लागायचे, असा तो प्रभूचा दिवस असणार.

रविवारला कायद्याची सुट्टी मिळाली ती ७ मार्च ३२१ रोजी, सम्राट कॉन्स्टंटाइनच्या हुकुमाने. न्यायाधीश, शहरातले लोक आणि कारागीर यांनी सूर्याच्या दिवशी विसावा घ्यावा, असा तो हुकूम होता. शेतकऱ्यांना मात्र मोकळीक होती, कारण पेरणीची वेळ टळली तर ती परत येत नाही. त्याच शतकात लाओदिकियाच्या धर्मसभेने एक पाऊल पुढे टाकले: ख्रिस्ती माणसाने शनिवारी यहुद्यांसारखे रिकामे बसू नये, काम करावे, विसावा घ्यायचा तर प्रभूच्या दिवशी. विसाव्याची आज्ञा इथे यहुद्यांपासून वेगळे दिसण्याचे साधन झाली, आणि तिथून जी वाट निघाली ती फार वाईट ठिकाणी पोचली. पोर्तुगीज इन्क्विझिशनच्या काळात शनिवारी स्वच्छ कपडे घालणे, काम न करणे, ही चोरून यहुदी धर्म पाळण्याची खूण धरली जाई. १५६० साली ते न्यायपीठ गोव्यात आले. वनस्पतिशास्त्रावरचा थोर ग्रंथ गोव्यात छापणारे गार्सिया द ओर्ता १५६८ साली वारले. पुढच्याच वर्षी त्यांच्या बहिणीला यहुदी असल्याच्या आरोपावरून जाळले, आणि १५८० साली त्यांची हाडेसुद्धा थडग्यातून काढून जाळली. हे आमच्या धर्माच्या नावाने झाले. म्हणून शनिवार पाळणाऱ्यांविषयी कोणी ख्रिस्ती माणूस चेष्टेने बोलला की मला ते सहन होत नाही.

आणि शनिवार पाळणारे ख्रिस्तीही आहेत. पुण्यात स्पायसरचा परिसर सेव्हन्थ-डे अॅडव्हेंटिस्ट मंडळींचा आहे. शुक्रवारी सूर्य मावळला की त्यांच्या घरांत शब्बाथ सुरू होतो. त्यांचे म्हणणे आज्ञेच्या शब्दाला धरून आहे आणि त्यासाठी त्यांनी परीक्षा सोडल्या आहेत, नोकऱ्यांवर पाणी सोडले आहे. इथिओपियाची प्राचीन मंडळी तर शनिवार आणि रविवार दोन्ही पवित्र मानते. त्यासाठी तिथे चौदाव्या शतकात संन्याशांनी छळ सोसला आणि १४५० साली राजा झारा याकोबच्या काळात ते म्हणणे मान्य झाले. या सगळ्यांपुढे मी आदराने नमते. तरीही त्या मुलीला माझे उत्तर असे आहे: नाही, शनिवार पाळण्याचे बंधन तुझ्यावर नाही, आणि रविवार हा शब्बाथ नाही, तो पुनरुत्थानाचा दिवस आहे.

एवढ्यावर थांबता आले असते तर अग्रलेख लिहायची गरजच नव्हती.

माझे आजोबा नगर जिल्ह्यातले कोरडवाहू शेतकरी. मृगाचा पाऊस व्हावा, वापसा यावा आणि तो दिवस नेमका रविवार निघावा, असे दोन-चार वर्षांनी एकदा व्हायचेच. सगळ्या शिवारात तिफणी चालू असत आणि आमचे बैल गोठ्यात रवंथ करत बसलेले असत. पुढे थोडी मोठी झाल्यावर मला समजले की गावातले बाकीचे बैल सोमवारी विसावतात. महादेवाचा वार, नंदीचा वार. त्या दिवशी औत धरायचे नाही, ही रीत महाराष्ट्रात अनेक गावांत आहे. आमच्या बैलांना गावात ‘आइतवारचे बैल’ म्हणत. आजोबांना कॉन्स्टंटाइनने शेतकऱ्याला दिलेली सवलत ठाऊक नव्हती, आणि ठाऊक असती तरी त्यांनी ती घेतली नसती. त्यांचा देवाशी करार होता आणि बैल त्या करारात सामील होते.

कोकणात हेच आणखी जुन्या काळापासून चालत आले आहे. कुलाबा जिल्ह्यातल्या, म्हणजे आताच्या रायगडातल्या बेने इस्राएल लोकांचा धंदा तेल गाळण्याचा. मराठी बोलणारे, मराठी नेसणारे हे यहुदी शेकडो वर्षे जगातल्या इतर यहुद्यांपासून तुटलेले होते. त्यांच्याजवळ ग्रंथ उरला नव्हता, हिब्रू उरली नव्हती. उरला होता तो शनिवार. त्या दिवशी घाणा बंद आणि बैल सुटा. शेजाऱ्यांनी त्यांना नाव दिले ‘शनवार तेली’. दुसरे होते ते ‘सोमवार तेली’, शंकराच्या नंदीसाठी सोमवारी घाणा थांबवणारे. अलिबाग-रेवदंड्याच्या त्या पट्ट्यात दोन धर्मांची ओळख त्यांचा बैल कोणत्या वारी विसावतो यावरून होत होती. धर्माची याहून चांगली ओळख मला सुचत नाही.

कारण शब्बाथाच्या आज्ञेत बैल आहे. आज्ञा पाठ करताना आपण पहिले वाक्य म्हणतो आणि बाकीचे घाईत उरकतो. बाकीच्यात यादी आहे: तुझा मुलगा, तुझी मुलगी, तुझा दास, तुझी दासी, तुझा बैल, तुझे गाढव, तुझी गुरे, तुझ्या वेशीच्या आतला उपरा. ही आज्ञा मोशेच्या ग्रंथांत दोनदा येते आणि दोन्हीकडे कारण वेगळे आहे. निर्गमात कारण सृष्टीचे: देवाने सहा दिवस काम करून सातव्या दिवशी विसावा घेतला. अनुवादात कारण मिसरचे: तू गुलाम होतास, आठवण ठेव. पहिले कारण स्तोत्रात गायचे आहे. दुसरे कारण घराच्या मागच्या दाराशी येऊन उभे राहते. तुला विसावा मिळतो तसा तुझ्या दासदासीलाही मिळावा, असे तिथे उघड म्हटले आहे. विटा थापणाऱ्यांच्या पोरांना मिसरमध्ये कोणी सुट्टी दिली नव्हती. म्हणून आता तुमच्या हाताखाली माणसे आली आहेत तर तुम्ही फारो होऊ नका.

निर्गमाच्या तेविसाव्या अध्यायात हीच गोष्ट पुन्हा सांगितली आहे, आणि तिथला एक शब्द माझ्या मनातून जात नाही. बैल आणि गाढव विसावतील, आणि तुझ्या दासीचा मुलगा व उपरा यांना तजेला येईल, असा त्याचा आशय आहे. मूळ हिब्रूत तजेल्यासाठी जे क्रियापद आहे ते ‘नेफेश’ या शब्दाशी नाते सांगणारे, म्हणजे श्वास, जीव. मराठीत आपण म्हणतो, जिवात जीव आला. नेमके हेच क्रियापद आठ अध्यायांनी पुढे पुन्हा येते, आणि तिथे त्याचा कर्ता स्वतः देव आहे: सहा दिवस निर्मिती केली आणि सातव्या दिवशी देवाच्या जिवात जीव आला. हे क्रियापद सगळ्या जुन्या करारात फक्त तीनदा आले आहे. तिसऱ्यांदा ते दमूनभागून आलेल्या दावीद राजासाठी आहे. देव, राजा आणि दासीचा मुलगा. घरातल्या माणसांच्या उतरंडीत दासीच्या मुलाहून खाली कोणी नव्हते, आणि त्याच्या विसाव्यासाठी देवाने स्वतःच्या विसाव्याचा शब्द वापरू दिला.

यादीत बायकोचे नाव नाही, हे माझ्या आजीने मला दाखवले. पंडित सांगतात की ‘तू’ या शब्दात तीही धरलेली आहे. असेल. पण आजोबांचे बैल गोठ्यात बसलेले असत तेव्हा आजी चुलीपाशी होती. उपासनेनंतर पाळकसाहेब जेवायला येत, बरोबर दोन-तीन पाहुणे असत. तिला दोष द्यायचा नाही, तिला पाहुण्यांची हौस होती. तरी थकलेल्या सुरात ती एकदा म्हणाली होती की रविवारी बैल होऊन जन्माला यावे.

प्रभू येशू स्वतः शब्बाथ पाळत होता. लूक सांगतो की शब्बाथदिवशी सभास्थानात जाण्याचा त्याचा परिपाठ होता. त्याचे भांडण शब्बाथाशी नव्हते, शब्बाथ कोणापासून हिरावला जातो याच्याशी होते. लूकच्या तेराव्या अध्यायात एक बाई आहे, अठरा वर्षे कंबरेत वाकलेली, सरळ उभी राहू न शकणारी. शब्बाथाच्या दिवशी सभास्थानात येशूने तिला बोलावले, हात ठेवला, ती सरळ झाली. सभास्थानाचा अधिकारी रागावून लोकांना म्हणाला की कामाचे सहा दिवस आहेत, बरे व्हायला तेव्हा या. येशूने उत्तरात बैल आणला. शब्बाथदिवशी तुम्ही आपला बैल, आपले गाढव गोठ्यातून सोडून पाण्यावर नेत नाही का? मग ही तर अब्राहामाची कन्या; तिला अठरा वर्षांच्या बंधनातून सोडायला हाच दिवस योग्य नाही का? दाव्यातून सोडवणे हाच त्याच्या लेखी शब्बाथाचा अर्थ आहे. ही गोष्ट वाचल्यावर रविवारी ख्रिस्ती माणसाला एकच गोष्ट विचारावीशी वाटते: आज तुझ्यामुळे कोण सुटले?

प्युरिटनांच्या कडक रविवारातून निघून हाच प्रश्न गाठणारा एक माणूस मला फार प्रिय आहे. एरिक लिडल, स्कॉटिश मिशनऱ्याचा मुलगा. १९२४च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये शंभर मीटरच्या प्राथमिक फेऱ्या रविवारी होत्या म्हणून त्याने ती शर्यत सोडली आणि चारशे मीटरमध्ये ४७.६ सेकंदांत सुवर्णपदक जिंकले. एवढी गोष्ट आपल्या शब्बाथशाळेत सगळे सांगतात. पुढची कोणी सांगत नाही. लिडल चीनमध्ये शिक्षक झाला आणि युद्धात जपान्यांनी त्याला वेइशिएनच्या बंदिछावणीत ठेवले. आईबापांपासून तुटलेली मुले तिथे होती. त्यांना रविवारी हॉकी खेळायची होती. लिडल आधी नको म्हणाला. मुलांनी आपली आपणच खेळून पाहिली आणि खेळाची मारामारी झाली. पुढच्या रविवारी लिडल पंच म्हणून मैदानावर हजर होता. ज्या दिवसासाठी त्याने ऑलिंपिकची शर्यत सोडली होती, तोच दिवस त्याने त्या पोरांना देऊन टाकला. फेब्रुवारी १९४५ मध्ये तो त्याच छावणीत वारला. त्याने आपले तत्त्व मोडले असे मला वाटत नाही. ते त्याला तेव्हा पूर्ण कळले, असे वाटते.

वार बदलू शकतो, हे आपल्यातल्या पुष्कळांना अनुभवाने ठाऊक आहे. आखातात नोकरी करणाऱ्या गोव्याच्या आणि मुंबईकडच्या ख्रिस्ती लोकांनी वर्षानुवर्षे शुक्रवारी मिस्सा ऐकली, कारण सुट्टी शुक्रवारी. दुबईत २०२२ साली शनिवार-रविवारची सुट्टी झाली, कुवेतमध्ये शुक्रवार अजून आहे. आपल्या मंडळ्यांतल्या कितीतरी मुली परिचारिका आहेत. वॉर्डात रविवार नसतो. स्पर्धा परीक्षा बहुधा रविवारी असतात आणि आपली मुले उपासना चुकवून जातात, पालक मनातून खट्टू होतात. या मुलामुलींना अपराधी वाटायला लावू नये, अशी माझी पाळकांना विनंती आहे. मंगळवारी विसावा घेणारी परिचारिका आज्ञेबाहेर नाही. मात्र तिला मंगळवारही मिळत नसेल, लागोपाठ दोन पाळ्या कराव्या लागत असतील, तर तो मंडळीने बोलण्याचा विषय आहे, आणि त्यावर आपण बोलत नाही.

आणि घरातल्या माणसांविषयी तर मुळीच बोलत नाही. गिरणीकामगाराला १८९० साली रविवार मिळाला, १८९१च्या कायद्याने आठवड्याची सुट्टी पक्की झाली, १९४८च्या कारखाना कायद्यानेही ती कायम ठेवली. पण घर हा कारखाना नव्हे. धुणे-भांडी करणारी बाई, पोळ्या लाटणारी बाई, म्हाताऱ्यांना सांभाळणारी मुलगी, सोसायटीचा वॉचमन, रविवारी दुपारी आपल्याला आळस आला म्हणून पावसात जेवण घेऊन येणारा मुलगा, यांचा रविवार कुठे आहे? आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने १६ जून २०११ रोजी घरकामगारांसाठी करार मंजूर केला. त्यात आठवड्याला सलग चोवीस तास विसावा हा त्यांचा हक्क म्हणून लिहिलेला आहे. मोशेच्या आज्ञेतली दासी तीन हजार वर्षांनी आंतरराष्ट्रीय कायद्यात आली, असेच म्हणायचे. भारताने तेव्हा कराराच्या बाजूने मत दिले, पण त्याला मान्यता अजून दिलेली नाही. १० जून आणि १६ जून यांच्यात सहाच दिवसांचे अंतर आहे.

सरकारने मान्यता द्यावी अशी मागणी आपल्या मंडळ्यांनी जरूर करावी. मात्र या आज्ञेला सरकारची वाट पाहावी लागत नाही. ती प्रत्येक घरधन्याला आणि घरधनिणीला ‘तू’ म्हणून सांगितलेली आहे. पगार न कापता आठवड्याचा एक पूर्ण दिवस, कोणता ते तिने ठरवायचे. आपल्या सभासदांच्या घरांत हे आहे का, हे विचारण्याचा अधिकार मंडळीला आहे, जसा दशांशाविषयी विचारण्याचा आहे. चर्च झाडणाऱ्या आणि घंटा वाजवणाऱ्या माणसाला रविवार मिळणे शक्य नाही. त्याला कोणता वार मिळतो, हे पंचकमिटीच्या वहीत लिहिलेले असावे.

मी हे आता सांगते आहे, पण माझ्या घरी हे अलीकडे अलीकडेच सुरू झाले. आमच्याकडे सतरा वर्षे एक मावशी भांडी-धुण्याला येतात. कामाला ठेवताना मी सगळे विचारतात तेच विचारले होते: खाडे किती? महिन्याला दोन, त्यापुढे पैसे कापणार, असे ठरले. रविवारी त्या सात वाजताच येत, कारण आम्हाला नऊच्या उपासनेला जायचे असे. सतरा वर्षांत आठशेहून जास्त रविवार होतात. तेवढे रविवार मी धुतलेल्या ताटल्या मागे ठेवून देवाच्या घरी गेले आणि विसाव्यावरची प्रवचने ऐकली. त्या मुलीची चिठ्ठी घरी आणल्यावर मी पहिल्यांदा हा हिशेब केला, आणि त्या रात्री मला प्रार्थना करता आली नाही.

शनिवारी मी मावशींना म्हटले, “उद्यापासून रविवारी येऊ नका.” त्यांचा चेहरा उतरला. दुसऱ्या दिवशी सात वाजता त्या दारात हजर. “ताई, माझं काही चुकलं का? काम सोडवलंत का?” सुट्टी या शब्दाचा अर्थ त्यांच्या आयुष्यात काम जाणे एवढाच होता. मी त्यांना बसवले, चहा दिला, पैसे कापणार नाही हे तीनदा सांगितले. त्या परत गेल्या, पण विश्वास बसलेला नव्हता, हे त्यांच्या चालण्यावरून कळत होते.

आता रविवारी आमच्याकडे खिचडी असते आणि भांडी माझा मुलगा घासतो. महिन्याचा पगार पुरता हातात पडल्यावर मावशींनी तो दोनदा मोजला. पुढच्या सोमवारी मी विचारले, “काल काय केलंत?”

“झोपले,” त्या म्हणाल्या. “पार नऊ वाजेपर्यंत. पोरगी हलवून हलवून विचारत होती, आई, बरं नाही का तुला.”